कुकरच्या शिट्ट्या आणि घोडबंदरचा सिग्नल

इंधन वाचवा असं कोणी म्हटलं की सगळ्यांची नजर आधी गॅसच्या शेगडीकडे जाते. आखातात काही पेटलं, तेलाचे भाव चढले, की सूचनांची सरबत्ती सुरू होते. डाळ-तांदूळ भिजत घाला, पातेल्यावर झाकण ठेवा, आच मंद करा, शिट्ट्या मोजून घ्या. यातली एकही सूचना चुकीची नाही. माझ्या आईने आणि सासूबाईंनी या सगळ्या आयुष्यभर पाळल्या, त्याही कोणी आवाहन न करता. मला खटकतं ते वेगळंच. घराने बचत करावी असं म्हणताना बोट नेहमी ओट्याकडे जातं आणि ओट्यापाशी जी कोणी उभी असेल तिच्याकडे. त्याच घराची गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असते, तिला कोणी काही बोलत नाही.

मी घोडबंदर रोडला राहते, वाघबीळच्या पुढे. माहेर नौपाड्यातलं. सगळा जन्म ठाण्यातच गेला, इंधन तेवढं बदलत गेलं.

नौपाड्याच्या घरी इंधन डोळ्यांना दिसायचं, हाताला लागायचं. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्याला वखारीतून बंबफोड यायची, शिवाय करवंट्या, सुकलेल्या झावळ्या, मोडक्या खोक्यांच्या फळ्या, जे मिळेल ते त्याच्या पोटात जायचं. शेगडीला कोळसे. आणि मुख्य म्हणजे रॉकेल. रेशनच्या दुकानात रॉकेल आल्याची बातमी गल्लीत कशी पसरायची कोण जाणे, पण बघता बघता डब्यांची रांग लागायची. रांगेत माणसं नसत, डबे असत; ज्याचा डबा घरून यायचा असेल त्याची वीट. दुकानदार वरून धार सोडून माप फेसाने भरायचा आणि आई अगदी शांतपणे म्हणायची, "फेस बसू द्या की जरा." फेस बसेपर्यंत मागची मंडळी चुळबुळायची, कोणीतरी "अहो बाई, आवरा" असंही म्हणायचं. आई जागची हलायची नाही. घरी आल्यावर नरसाळ्याच्या टोकाला लोंबकळणारा थेंबसुद्धा ती डब्यातच झटकायची. मग हात दोनदा साबणाने धुतले तरी रात्री पोळीला रॉकेलचा वास यायचाच.

सुट्टीत मुरबाडकडे आजोळी गेलं की तिथे चूल. चुलीला वैल, म्हणजे त्याच जाळावर चालणारं शेजारचं दुसरं तोंड. भात उतरला की आमटी वैलावर सरकायची, आमटी उतरली की त्याच जागी हात-पाय धुवायला पाण्याचं भगुणं. एका जाळात तीन कामं होत आणि याला कोणी बचत म्हणत नसे. लाकडं डोक्यावरून आणायची असली की माणूस आपोआप हिशेबी होतो.

मग गॅस आला. नाव नोंदवून वर्षं गेली तेव्हा कुठे नंबर लागला. सिलिंडर मिळाला तो एकच, म्हणजे तो संपला की दुसरा येईपर्यंत पुन्हा स्टोव्ह, पुन्हा पिन मारणं. त्यामुळे आईचं निम्मं लक्ष स्वयंपाकात आणि निम्मं सिलिंडरमध्ये किती उरलाय त्यात. तिची पद्धत अशी होती : ओलं फडकं सिलिंडरवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचं आणि बघत राहायचं. वरचा भाग लवकर सुकतो, खाली जिथवर द्रव गॅस असेल तिथवर ओल टिकते. सुक्या-ओल्याची ती रेघ दिसली की आई बोटाने खूण करायची आणि म्हणायची, "संक्रांतीपर्यंत जातो." तो संक्रांतीपर्यंत जायचा, कारण तो जावा म्हणून ती पुढचे सगळे दिवस हात आखडून शिजवायची.

आता माझ्या घरी पाइपचा गॅस आहे. ओट्याखाली मीटर, दोन महिन्यांनी बिल. बिल आलं की नवरा मोबाइलवरून भरून टाकतो; किती युनिटं जळली हे दोघांपैकी कोणीच बघत नाही. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पुरणाच्या घाटात गॅस संपण्याची धास्ती कायमची गेली. पण धास्तीबरोबर अंदाजही गेला.

आमच्याकडे स्वयंपाकाला ज्या मावशी येतात त्या ढोकाळीला राहतात. त्यांचा हात मोठा. मोठा म्हणजे आच मोठी. भाताचं पातेलं उतू जाईल इतकी आच, झाकण बाजूला, एकीकडे फोडणी, दुसरीकडे तवा तापत ठेवलेला आणि कणीक अजून मळायची आहे. मी एकदा म्हटलं, "मावशी, तवा जरा नंतर ठेवला तर?" त्या हसल्या. "ताई, तुमचा गॅस नळाच्या पाण्यासारखा, सोडला की येतो. माझ्या घरी या, बघा मी कशी करते ते." आणि मग सांगायला लागल्या : सकाळी एकदाच कुकर, डबा-वर-डबा लावून तिघांचा डाळ-भात-बटाटे, चहा दोनदा करायचा नाही, थर्मासमध्ये भरून ठेवायचा, अंघोळीचं पाणी उन्हात. त्यांचा सिलिंडर दीड-दीड महिना जातो. "तुमच्याकडे एवढं बघत बसले तर पुढच्या घरी कधी पोचू?"

या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून पडले होते. इंधन वाचवायचं तर बहुतेक वेळा वेळ खर्चावा लागतो. मंद आचेवर भाजी व्हायला वेळ लागतो, सगळं आधी चिरून-मळून मग शेगडी पेटवायची तर आधी वेळ लागतो, वैलावर आमटी हळूहळूच मुरते. मावशींना आमच्याकडे पैसे मिळतात ते स्वयंपाकाचे, आणि वेळ वाचला तर तो त्यांच्या तिसऱ्या घराच्या कामी येतो. म्हणून आमच्या ओट्यावर त्या गॅस जाळून वेळ विकत घेतात. स्वतःच्या घरी वेळ खर्चून गॅस वाचवतात. दोन्हीकडचा हिशेब चोख आहे. आईनेही आयुष्यभर वेळच खर्चला, फक्त तिचा वेळ कुणी मोजला नाही. फेस बसेपर्यंत रांगेत उभं राहायला तिचा वेळ फुकटच होता ना!

ज्या गोष्टीत इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात तिला प्रचार लागत नाही. प्रेशर कुकरचं बघा. आत दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, डाळ चटकन शिजते. कुकर घराघरांत पोचायला कोणाला फारशी भाषणं द्यावी लागली नाहीत. पण आपण त्याचं शिट्ट्यांचं शास्त्र करून ठेवलं. तुरीला चार, हरभऱ्याला सात, राजम्याला देव जाणे किती. शिट्टी म्हणजे आतली वाफ बाहेर जाते, आणि वाफ म्हणजे गॅसचे पैसे. लीटरभर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. सातपट! म्हणजे पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक केली की डाळ तितकीच शिजते आणि वाफ वाया जात नाही. उघड्या पातेल्यात धो धो उकळणाऱ्या भाताचंही तेच. पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, ते १०० अंशांवरच राहतं, फक्त लवकर आटतं. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आमची आई बरोबर होती." आच बारीक करायला वेळ लागत नाही, म्हणून ही सूचना त्यांनी लगेच उचलली. तव्याची नाही उचलली.

इथवर सगळं ओट्यावरच चाललंय. आता खाली पार्किंगमध्ये उतरू.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोला साधारण ४६ मेगाज्यूल धरले तर अख्ख्या सिलिंडरची ऊर्जा होते ६५० मेगाज्यूलच्या आसपास. पेट्रोलच्या एका लीटरात साधारण ३२ मेगाज्यूल. भागाकार केला की उत्तर येतं वीस. एक सिलिंडर म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने वीस लीटर पेट्रोल. चार-पाच माणसांच्या घरात हा सिलिंडर महिनाभर दोन वेळचं जेवण, चहा, आल्या-गेल्याचं खाणं, सगळं करून देतो.

माझा नवरा अंधेरीला जातो. वाघबीळहून जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. या रस्त्यावर, या गर्दीत, गाडीने लीटरला बारा दिले तर आम्ही गाडीचं कौतुक करतो. म्हणजे दिवसाला पाच लीटर. सोमवारी निघालेला माणूस गुरुवारी संध्याकाळी घरी येईपर्यंत एका सिलिंडरएवढी ऊर्जा जाळून झालेली असते. आणि गाडीत माणूस एक. आता मी जीव तोडून, झाकणं ठेवून, शिट्ट्या मोजून, कणीक आधी मळून महिन्याला गॅसमध्ये दहा-पंधरा टक्के वाचवले असं धरा. ते होतात दोन-तीन लीटर पेट्रोल. तो महिन्यातून एक दिवस लोकलने गेला तरी त्याच्या पाच लीटरपुढे माझी दीड-दोन महिन्यांची तपश्चर्या फिकी पडते.

हे गणित मी त्याला जेवताना सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, वरणावर तूप घेतलं आणि विचारलं, "बरोबर आहे. पण मी पोचू कधी?"

प्रश्न खरा आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. ठाणं म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या गावापर्यंत धावली ते गाव. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी निघाली आणि सुमारे ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली. त्याचा अभिमान आम्ही शाळेपासून मिरवतो. पण आज संध्याकाळच्या वेळी ठाणे स्टेशनहून वाघबीळला पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जलद लोकल सीएसएमटीहून ठाण्याला येते. स्टेशनला बसची रांग, तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा. प्रत्येक नाव एक सिग्नल आहे आणि प्रत्येक सिग्नलला आपलं आयुष्य पाव इंच सरकतं. त्यात न्हावाशेव्याकडून गुजरातेत जाणारे कंटेनर याच रस्त्यावर. गायमुखच्या चढावर एक कंटेनर बंद पडला की त्याची शेपटी आमच्या बिल्डिंगच्या फाटकापर्यंत येते.

आधी शेतं आणि कारखाने होते, मग तीस-तीस मजली इमारती आल्या. रस्ता तोच. ठाणे परिवहन सेवा १९८९ मध्ये सुरू झाली तेव्हा इकडे वस्ती ती केवढी! आता वस्ती कुठच्या कुठे गेली आणि बसची वाट बघणारा माणूस पूर्वीइतकाच वेळ मान लांब करून उभा. वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब आम्ही इतकी वर्षं बघतोय की शेजारच्या मुलाने चित्रात घर काढलं तेव्हा घरासमोर खांबही काढला. २०२५ च्या सप्टेंबरात गायमुखच्या बाजूला मेट्रोची चाचणी फेरी झाली तेव्हा गच्चीवर बायका-पोरं टाळ्या वाजवत होती. मीही होते.

तेव्हा नवऱ्याने वेळेचा प्रश्न काढला तो अगदी रास्त. मी त्याला एवढंच म्हटलं की हाच प्रश्न मावशींनी विचारला होता आणि तुझ्या सासूने कधी विचारला नाही. इंधन वाचवायला वेळ लागतो हे ओट्यावरही खरं आणि रस्त्यावरही खरं. ओट्यावर आपण सहज म्हणतो, लागू दे थोडा वेळ, काय बिघडलं. रस्त्यावर म्हटलं की मीटिंग आडवी येते.

दुसरीकडे असं सरसकट होत नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. नेदरलँड्सवर थेट बंदी होती. तिथल्या सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार खासगी मोटारी बंद ठेवल्या. मोकळ्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले, पोरं स्केट्सवर फिरली. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली. त्या सरकारांनी कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावण्याआधी हात घातला तो रस्त्याला. आपल्याकडे त्याच नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. फोटो झकास आहे. पण आमच्या गल्लीत त्या काळाची आठवण निघते ती रॉकेलच्या रांगेची, बायकांच्या.

आपल्याकडे त्यागाचं आवाहन चालत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं आणि लोकांनी ते सोडलं. माझे सासरे पुढे कितीतरी वर्षं सोमवारी रात्री फक्त दूध घ्यायचे. का, ते नातवंडांना माहीतही नव्हतं. २०१५ मध्ये गॅसचं अनुदान सोडा असं सांगितल्यावर एक कोटीहून जास्त कुटुंबांनी ते सोडलं. ती मागणी मला न्याय्य वाटली, कारण ज्याला परवडतं त्यालाच ती होती आणि कुणाच्या ओट्यावर एक मिनिटही जादा खर्च होणार नव्हता.

खरं सांगायचं तर सरकारी प्रचारातही गाडी असतेच. पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून बचतीचा धोशा लावून आहे. टायरमधली हवा बघा, सिग्नलला इंजिन बंद करा, वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ठेवा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, हे ती सांगतच आली आहे. आपण त्यातलं झाकणाचं ऐकलं आणि क्लचचं सोडून दिलं. एसी लावून उभी असलेली साधी गाडी तासाला लीटरभर पेट्रोल गिळते. माजिवड्याच्या पुलाखाली लाल दिव्यासमोर नजर टाका, किती जण इंजिन बंद करतात? रिक्षावाले करतात. त्यांना प्रत्येक रुपया दिसतो, जसा आईला सिलिंडरवरचा ओलावा दिसायचा.

रिक्षावरून सीएनजी आठवला. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी पेट्रोलची गाडी काढून सीएनजीची घेतली. बचत म्हणूनच घेतली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मिसळ खायला गाडी, संध्याकाळी तलावपाळीला गाडी, मधेच येऊरच्या फाटकापर्यंत एक फेरी. "परवडतंय हो!" विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय : यंत्र कमी कोळशात जास्त काम करायला लागलं की कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो. त्याला आमचे शेजारी दाखवायला हवे होते.

२०२५ च्या नोव्हेंबरात चेंबूरच्या बाजूला गॅसच्या मुख्य वाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईतल्या पंपांवर सीएनजीचा ठणठणाट झाला. रविवारी सुरू झालेला गोंधळ निस्तरायला मंगळवार उजाडला. पंपाबाहेर रिक्षांच्या रांगा सर्व्हिस रोडवरून वळसे घेत गेल्या होत्या, चालक मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेले. गंमत अशी की घरातल्या शेगड्या चालूच होत्या, कारण अशा वेळी घरगुती पाइपला पहिला मान असतो. माझ्या ओट्यावर निळी ज्योत तशीच आणि ती पेटवणाऱ्या मावशी कापूरबावडीपासून पायी चालत आलेल्या, साडेदहाला. घामाने डबडबलेल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आज तुमचा गॅस जास्त जळणार हां ताई, मला उशीर झालाय." मी म्हटलं, जाळा.

शेअर रिक्षातल्या चौघांना घेऊन धावणाऱ्या त्या सीएनजीत आणि एकट्या माणसाला अंधेरीला नेणाऱ्या पेट्रोलमध्ये फरक करायलाच हवा. सगळं एका मापात मोजून "प्रत्येकाने दहा टक्के कमी करा" असं म्हटलं की ज्याने आधीच कमी केलंय त्याच्यावर अन्याय होतो. मावशी कुठून कमी करणार? त्यांच्या चहाचा थर्मास आधीच आहे, अंघोळीचं पाणी आधीच उन्हात आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली तीच मुळी चुलीचा धूर सोडून बायकांनी गॅस जास्त वापरावा म्हणून. मुरबाडकडच्या माझ्या मामेबहिणीकडे सिलिंडर आहे, पण तो पाहुणे आले की पेटतो. रोजचा स्वयंपाक अजून लाकडांवर, कारण दुसरा सिलिंडर भरायचे पैसे ऐन पावसाळ्यात सुचत नाहीत. तिला कोणी बचतीची सूचना पाठवली तर मी ती वाटेतच अडवीन.

पैसा एक बाजू, देश दुसरी. आपल्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाही निम्म्याहून जास्त गॅस आयातीचा, आणि तो बहुतेक आखातातून होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. पाइपच्या गॅसचं थोडं बरं. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, तिथला वायू उरणला येतो, तरी देशाच्या एकूण नैसर्गिक वायूतला जवळपास अर्धा जहाजांतून द्रवरूपातच आणावा लागतो. त्यामुळे बचत करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. करा. मात्र जिथे लीटर जळतंय तिथून सुरुवात करा, वाटीने मोजण्याचं सामान नंतर.

इंडक्शनबद्दल मला हमखास विचारतात. माझ्याकडे आहे. चहा, दूध, मॅगीला उत्तम. पण त्याला लागणारी महावितरणची वीज बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरची, आणि कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. त्यामुळे इंडक्शनने देशाचं इंधन वाचतं असं छाती ठोकून सांगता येत नाही. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर गोष्ट वेगळी. आमच्या गच्चीवर सध्या मोबाइलचा टॉवर आणि पापड.

नवऱ्याचं शेवटी काय झालं? त्याच बाजूला जाणारे आमच्याच संकुलात आणखी तिघे निघाले. इतकी वर्षं चौघे चार गाड्यांत एकामागे एक माजिवड्याला उभे असायचे आणि एकमेकांना ओळखत नव्हते. आता मंगळवार-गुरुवार एक गाडी जाते. वेळ तितकाच लागतो, उलट गप्पांमुळे कमी वाटतो म्हणे. पेट्रोल पाऊण भागाने कमी. कुकरसारखंच हे, फुकटात पदरात पडणारी बचत, म्हणून टिकली. शुक्रवारचं मात्र अजून जमत नाही, कारण एकाला परस्पर क्लबला जायचं असतं.

याच उत्साहात मी सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला : दुसऱ्या गाडीचं पार्किंग शुल्क दुप्पट करावं आणि त्या पैशातून सकाळी स्टेशनपर्यंत मिनीबस लावावी. सभागृहात एकदम शांतता झाली. मग एकेक जण बोलायला लागले. कोणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं असतं, कोणाच्या मुलीचा क्लास हिरानंदानीत, कोणी म्हणाले गाडी दुसरी असली तरी ती फार चालतच नाही. (मग उभी का आहे, हे मी मनातच विचारलं.) खजिनदारांनी मिनीबसचा खर्च फळ्यावर मांडला आणि तो रिकाम्या सीटांसकट मांडला. मतदान झालं. ठराव पडला, बऱ्यापैकी आपटला. विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट घ्यायचं तेवढं मान्य झालं, तेही वायरिंगचा खर्च कोणी करायचा यावर उपसमिती नेमून.

त्याच सभेत शेवटून दुसरा विषय होता इंधन बचत. सेक्रेटरी म्हणाले, या विषयावर समितीने आधीच विचार केलाय. नवरात्रात महिलांसाठी पाककृती स्पर्धा ठेवायची, अट एकच, गॅस कमीत कमी वापरायचा. टाळ्यांच्या कडकडाटात एकमताने मंजूर. मीही नाव दिलंय. दडपे पोहे करणार आहे : पातळ पोहे, ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, कोथिंबीर, वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. गॅस लागला तर फोडणीपुरता. परीक्षक बाई मुलुंडहून येणार आहेत आणि त्यांना आणायला-सोडायला कोणाची गाडी जाणार, यावर सध्या ग्रुपवर जोरात चर्चा चालू आहे.